आधी ऐकायला शिका: वायफायच्या परीक्षेसाठी घरची लॅब

वायरलेस नेटवर्किंगची परीक्षा द्यायची ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ॲक्सेस पॉइंट कोणता घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. ॲक्सेस पॉइंटचं, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या यंत्राचं, नंतर बघू, आधी ऐकायचं साधन घ्या.

तारेचं नेटवर्क शिकताना निदान तार तरी हातात येते. ती कुठून निघाली, कुठे गेली, पोर्टवरचा दिवा लागला की नाही, हे डोळ्यांना दिसतं. वायफायमध्ये फोन ‘कनेक्टेड’ म्हणतो किंवा म्हणत नाही, एवढंच आपल्याला कळतं. मधल्या हवेत कोण काय बोललं, कोणी उत्तर दिलं, कोण गप्प राहिलं, ते सगळं झाकलेलं असतं. बीकन, प्रोब, असोसिएशन, हँडशेक हे शब्द पाठ होतात आणि आठवड्याभरात पुसले जातात, कारण त्यांना चेहरा नसतो. घरच्या लॅबमधून मला एकच गोष्ट हवी असते: हवेतलं हे बोलणं पडद्यावर ओळीओळीने दिसलं पाहिजे. बाकीची खरेदी त्या मानाने दुय्यम आहे.

परीक्षेबद्दल थोडक्यात. कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांना न बांधलेली, पाया पक्का करणारी परीक्षा म्हणजे सीडब्ल्यूएनए. ती सीडब्ल्यूएनपी ही संस्था घेते. ६० बहुपर्यायी प्रश्न, ९० मिनिटं आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यानंतर सुरक्षेसाठी सीडब्ल्यूएसपी, आराखड्यासाठी सीडब्ल्यूडीपी आणि फ्रेमच्या, म्हणजे हवेतून जाणाऱ्या एकेका संदेशाच्या, विश्लेषणासाठी सीडब्ल्यूएपी अशा पुढच्या पायऱ्या आहेत, आणि सगळ्यांच्या वर सीडब्ल्यूएनई. पहिल्या परीक्षेत प्रात्यक्षिक नाही, त्यामुळे नुसतं वाचूनही ती उत्तीर्ण होता येते. पण ‘अमुक लक्षण दिसतंय, कारण काय असावं?’ अशा प्रश्नाला दीड मिनिटात उत्तर देताना, तेच लक्षण आपण स्वतः घडवून पाहिलेलं असेल तर हात अडखळत नाही. आणि सीडब्ल्यूएपीपर्यंत जायचं असेल, तर फ्रेम न बघता तो अभ्यास कसा करायचा हे मला तरी ठाऊक नाही.

आधी कान

साधं वायफाय कार्ड स्वभावाने अलिप्त असतं. आपल्या नावाने आलेल्या फ्रेम तेवढ्या घेतं, बाकीच्या टाकून देतं, आणि घेतलेल्या फ्रेमसुद्धा वरच्या सॉफ्टवेअरला इथरनेटच्या वेषात देतं. त्यामुळे नेटवर्कवरची वाहतूक पकडून दाखवणारं वायरशार्क हे सॉफ्टवेअर नेहमीच्या पद्धतीने लावलंत तर वायफाय दिसतच नाही. आपल्याच लॅपटॉपची वाहतूक दिसते, तीही तारेवरून आल्यासारखी. यावरचा उपाय म्हणजे मॉनिटर मोड. त्यात कार्ड कोणत्याही नेटवर्कला न जोडता त्या चॅनेलवर जे कानावर पडेल ते सगळं पुढे देतं, आणि प्रत्येक फ्रेमसोबत ती किती ताकदीने, कोणत्या वेगाने, कोणत्या चॅनेलवर ऐकू आली हेही लिहून देतं.

यासाठी यूएसबीला लावायचा एक ॲडॅप्टर घ्या. निवडताना खोक्यावरचं नाव बाजूला ठेवा आणि आतली चिप कोणती ते शोधा, कारण मॉनिटर मोड मिळणं न मिळणं चिप आणि तिच्या ड्रायव्हरवर ठरतं. लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे मूळ गाभ्यातच, ज्या चिपचा ड्रायव्हर आहे ती घेतली की निम्मा त्रास वाचतो. काळजी एवढीच, की एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत कंपन्या चिप बदलतात आणि नाव तेच ठेवतात. मॅक असेल तर त्यातल्या वायरलेस डायग्नोस्टिक्समध्ये कॅप्चरची, म्हणजे फ्रेम पकडून साठवण्याची, सोय आधीपासून आहे. विंडोजवर मात्र लॅपटॉपमधल्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर मॉनिटर मोड देत नाहीत. तिथे व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, लिनक्स टाका आणि यूएसबी ॲडॅप्टर थेट त्या मशीनच्या ताब्यात द्या. लॅपटॉपमधलं कार्ड असं देता येत नाही, कारण व्हर्च्युअल मशीनला ते तारेचं कार्ड म्हणूनच दिसतं.

इथे तीन गोष्टी सुरुवातीलाच समजून घ्या, नाहीतर पुढे दिवसच्या दिवस जातात. पहिली, ॲडॅप्टर एका वेळी एकच चॅनेल ऐकतो. चॅनेलांवरून उड्या मारत ऐकलंत तर आसपास कोण आहे ते कळेल, पण कोणतंही संभाषण पूर्ण मिळणार नाही. दुसरी, ॲडॅप्टर ज्या पिढीचा, त्याच पिढीपर्यंतची भाषा त्याला कळते. ८०२.११एन पर्यंतचाच ॲडॅप्टर असेल तर त्यापुढच्या पिढीच्या, ८०२.११एसीच्या डेटा फ्रेम त्याला उलगडत नाहीत. तिसरी, चॅनेलची रुंदी. नेटवर्क ८० मेगाहर्ट्झवर चालू असताना तुम्ही २० मेगाहर्ट्झवर ऐकत असाल तर बीकन दिसतात, पोचपावत्या दिसतात, पण डेटाच दिसत नाही. पोचपावत्यांची रांग आहे आणि पोचलेलं काहीच नाही, असं कॅप्चर समोर आलं की नवा माणूस ॲडॅप्टर बिघडला असं धरून चालतो. ॲडॅप्टर ठणठणीत असतो.

पहिली संध्याकाळ: नुसते बीकन

काहीही विकत न आणता, घरात आहे त्याच राउटरवर पहिला प्रयोग होतो. राउटरचं चॅनेल बघा, ॲडॅप्टर त्याच चॅनेलवर लावा, दोन मिनिटं कॅप्चर करा आणि त्यातले फक्त बीकन गाळून घ्या.

बीकन म्हणजे ॲक्सेस पॉइंटची दवंडी: मी इथे आहे, माझं नाव हे, माझे वेग हे, माझी सुरक्षा अशी. बहुतेक उपकरणांवर ही दवंडी १०० टाइम युनिटांनी पिटली जाते. एक टाइम युनिट म्हणजे १०२४ मायक्रोसेकंद, म्हणजे दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन. पुस्तकातला हा आकडा आपल्या कॅप्चरमधल्या वेळेच्या रकान्यात उतरलेला बघा. मला पहिल्यांदा तो दिसला तेव्हा वाचलेलं खरं असतं याचा वेगळाच आनंद झाला होता.

आता त्याच राउटरवर पाहुण्यांसाठी म्हणून नेटवर्कची आणखी तीन नावं सुरू करा. चार नावं म्हणजे चार स्वतंत्र दवंड्या, सेकंदाला साधारण ३९ बीकन. २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यात जुना, १ मेगाबिटचा वेग सुरू ठेवलेला असेल तर बीकन त्याच कूर्मगतीने जातात. २५० बाइटचा बीकन घेतला तर त्यात २००० बिट, म्हणजे २००० मायक्रोसेकंद, वर प्रिॲम्बलचे, म्हणजे फ्रेमआधीच्या इशाऱ्याचे, १९२. सुमारे २.२ मिलिसेकंद. गुणिले ३९, म्हणजे प्रत्येक सेकंदातले ८५ मिलिसेकंद नुसत्या दवंडीत गेले. एकाही माणसाने एकही पान उघडलेलं नसताना हवेचा साडेआठ टक्के वेळ खर्च झाला. जुने वेग बंद करून किमान वेग ६ मेगाबिट केलात तर तोच बीकन सुमारे ०.३५ मिलिसेकंदात उरकतो आणि खर्च दीड टक्क्याच्या आत येतो. ‘नेटवर्कची नावं कमी ठेवा, जुने वेग बंद करा’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. या हिशोबानंतर तो पाठ करावा लागत नाही.

ऐकताना शेजारपाजारचंही कानावर पडणारच. ते बाजूला ठेवा. प्रयोग आपल्या नेटवर्कवर, आपल्या फोनवर, आपल्याच पासवर्डने करायचे. दुसऱ्याच्या जोडणीत ढवळाढवळ करणं, त्याला मुद्दाम तोडणं, हे अभ्यासाच्या नावाखालीही करू नये, आणि बहुतेक ठिकाणी तो गुन्हाच आहे.

जोडणी कशी होते आणि कशी मोडते

माझ्या मते संपूर्ण लॅबमधला सगळ्यात मोलाचा प्रयोग हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा आणि साधा पासवर्ड असलेलं नेटवर्क घ्या. कॅप्चर सुरू करा, मग फोनचं वायफाय चालू करा. क्रम असा दिसेल: फोन विचारतो ‘कोण आहे?’, ॲक्सेस पॉइंट उत्तर देतो. मग ऑथेंटिकेशनच्या दोन फ्रेम. नाव भारदस्त असलं तरी इथे पासवर्ड तपासलाच जात नाही. मूळ मानकातली ही पायरी केवळ औपचारिकता म्हणून उरली आहे. मग असोसिएशनच्या दोन फ्रेम. आणि मग खरी परीक्षा: चार टप्प्यांचा हँडशेक.

या चार संदेशांत पासवर्ड एकदाही हवेत जात नाही. दोन्ही बाजूंनी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव यांपासून, ४०९६ वेळा घोटून, २५६ बिटांची एक किल्ली आधीच बनवलेली असते. पहिल्या संदेशात ॲक्सेस पॉइंट आपला एक यादृच्छिक आकडा देतो. दुसऱ्यात फोन आपला आकडा देतो आणि सोबत शिक्का लावतो. तो शिक्का योग्य किल्ली असल्याशिवाय बनत नाही. तिसऱ्यात ॲक्सेस पॉइंट आपला शिक्का लावून सगळ्यांसाठीची सामायिक किल्ली कुलूपबंद करून देतो. चौथ्यात फोन ‘मिळालं’ म्हणतो. दोघांनी एकमेकांना गुपित न सांगता, ते आपल्याला ठाऊक आहे हे पटवून दिलं.

हे व्यवस्थित झालेलं कॅप्चर जपून ठेवा. फाइलच्या नावात तारीख, चॅनेल आणि ‘नीट’ हा शब्द घाला. पुढची प्रत्येक बिघडलेली जोडणी याच्याशेजारी ठेवून बघायची आहे.

आता बिघडवा. फोनमध्ये मुद्दाम चुकीचा पासवर्ड घाला आणि पुन्हा कॅप्चर करा. ऑथेंटिकेशन झालं, असोसिएशन झालं, पहिला संदेश आला, दुसरा गेला, आणि तिसरा येतच नाही. शिक्का जुळला नाही, म्हणून ॲक्सेस पॉइंट गप्प बसतो आणि पहिलाच संदेश पुन्हा पाठवतो. असं काही वेळा झालं की जोडणी तोडली जाते. ‘चार टप्प्यांचा हँडशेक दुसऱ्या संदेशानंतर अडकतो, कारण काय?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आता डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग तेच नेटवर्क डब्ल्यूपीए३ या पुढच्या पिढीच्या सुरक्षेवर न्या आणि परत चुकीचा पासवर्ड घाला. अडथळा आता असोसिएशनच्याही आधी, ऑथेंटिकेशनच्या फ्रेममध्येच येतो, कारण पासवर्डची पारख तिथे सरकली आहे. आणखी एक फरक बघण्यासारखा आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये चारही संदेश पकडलेले असतील तर वायरशार्कला नाव आणि पासवर्ड देऊन आपलाच डेटा उलगडता येतो. डब्ल्यूपीए३ मध्ये पासवर्ड ठाऊक असूनही नुसत्या कॅप्चरमधून काही उलगडत नाही. ‘फॉरवर्ड सीक्रसी’ या शब्दाचा अर्थ मला एवढ्या स्वच्छपणे कोणत्याही व्याख्येने सांगितला नव्हता.

डेसिबल पाठ करू नका, चालून बघा

परीक्षेतल्या गणिताला लोक उगाच घाबरतात. दोनच नियम आहेत. ३ डेसिबल वाढले की ताकद दुप्पट, १० वाढले की दहापट. कमी होतानाही तसंच. आणि ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. यावरून २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, १७ म्हणजे ५०. आता ॲक्सेस पॉइंट २० डीबीएम देतो, केबलमध्ये २ डेसिबल जातात, अँटेना ६ डेसिबलची भर घालते: एकूण २४. तीस म्हणजे १००० मिलिवॅट, त्यातून दोनदा तीन वजा केले की २४, म्हणून १००० चे निम्मे ५००, त्याचे निम्मे २५०. साधारण २५० मिलिवॅट. कॅल्क्युलेटर लागला नाही.

उलट्या बाजूला उणे ७० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा एक कोटीवा भाग. एवढ्याशा ताकदीवर फोन मजेत चित्रफीत दाखवतो, हे मला आजही थक्क करतं.

आता फोनमध्ये सिग्नल मोजणारं एखादं ॲप घ्या आणि ॲक्सेस पॉइंटपासून १, २, ४ आणि ८ मीटरवर उभे राहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी व्हायला हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर पहिल्याच मीटरमध्ये साधारण ४० डेसिबल जातात, ५ गिगाहर्ट्झवर ४६–४७. घरात आकडे नेमके जुळणार नाहीत, कारण भिंतींवरून लाटा परततात. फोनने दाखवलेला आकडाही प्रमाणित नसतो, दोन फोन एकाच जागी पाच-सात डेसिबलचा फरक सहज दाखवतात. म्हणून एकाच उपकरणाने मोजा आणि आकड्यापेक्षा फरकाकडे लक्ष द्या. मग ॲक्सेस पॉइंटकडे पाठ करा, म्हणजे तुमचं शरीर मध्ये येईल. अँटेना उभी असेल तर आडवी करा. दरवाजा लावा, उघडा. प्रत्येक वेळी मोजण्याआधी वहीत अंदाज लिहा. अंदाज चुकतो तिथेच खरं शिकणं होतं, आणि आधी लिहिला नसेल तर ‘मला तेच वाटलं होतं’ असं मन सांगायला लागतं.

सिग्नलसोबत गोंगाटही मोजायला हवा. उणे ७० चा सिग्नल आणि उणे ९५ चा गोंगाट म्हणजे २५ डेसिबलचं अंतर, उत्तम. गोंगाट उणे ८० वर चढला तर तोच सिग्नल फक्त १० डेसिबलने वर राहतो आणि वेग कोसळतो. फोनवरच्या सिग्नलच्या दांड्या मात्र दोन्ही वेळा बहुधा तितक्याच दिसतात.

आता ॲक्सेस पॉइंट

एवढं झाल्यावर ॲक्सेस पॉइंट घ्या, आणि घ्याल तर दोन घ्या. जुने चालतील. अट एवढीच, की चॅनेल, रुंदी आणि ताकद हाताने ठरवता आली पाहिजे, एकापेक्षा जास्त नावं वेगवेगळ्या व्हीलॅनवर (एकाच तारेवर वेगळी ठेवलेली आभासी नेटवर्कं) टाकता आली पाहिजेत आणि ८०२.१एक्स, म्हणजे सर्व्हरकडून ओळख तपासून घेण्याची पद्धत, चालली पाहिजे. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालणारे साधे राउटरसुद्धा हे सगळं करतात. वापरलेला व्यावसायिक ॲक्सेस पॉइंट घेताना तो कंट्रोलरशिवाय (अनेक ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून चालवणारी यंत्रणा) स्वतंत्र चालतो का, आणि क्लाउडवरून चालणारा असेल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून मोकळा झाला आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. परवान्याशिवाय तो छताला लावायची थाळी होऊन बसतो.

वीज बहुधा नेटवर्कच्या तारेतूनच द्यावी लागेल. तारेतून वीज देण्याच्या ८०२.३एएफ या मानकामध्ये स्विच १५.४ वॅट सोडतो आणि दुसऱ्या टोकाला १२.९५ वॅट पोचतील असं धरतात. त्यापुढच्या ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. नव्या ॲक्सेस पॉइंटला कमी वीज मिळाली तर तो बंद पडत नाही, गुपचूप एखादा रेडिओ किंवा डेटाचे काही समांतर प्रवाह बंद करून चालू राहतो. असा अर्धपोटी ॲक्सेस पॉइंट ओळखायला शिकणं हा एक स्वतंत्र धडा आहे. मानकाबाहेरचे, न विचारताच वीज सोडणारे इंजेक्टर मिळतात. ते कोणत्या उपकरणाचे आहेत हे नक्की ठाऊक नसेल तर लावू नका.

स्विच व्हीलॅन कळणारा हवा. दोन नावं, दोन व्हीलॅन, आणि ॲक्सेस पॉइंटकडे दोन्ही व्हीलॅन एकत्र नेणारी एक जोडणी, म्हणजे ट्रंक. मग मुद्दाम ट्रंकवरून एक व्हीलॅन काढून टाका. फोन जोडला जाईल, हँडशेकचे चारही संदेश स्वच्छ दिसतील, आणि तरी इंटरनेट नाही. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसेल, म्हणजे त्याला पत्ता देणारा कोणी भेटलाच नाही. ‘वायफाय चालत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा दोष कितीदा तरी तारेच्या बाजूला असतो. हवेतलं कॅप्चर स्वच्छ आहे हे दाखवता आलं की शोध लगेच योग्य दिशेला वळतो.

दोन ॲक्सेस पॉइंट आले की चॅनेलचा प्रयोगही करून घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारशेजारच्या चॅनेलांची केंद्रं फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा खातं, म्हणून १, ६ आणि ११ ची शिफारस होते. दोघांना लांब ठेवून आधी दोघांनाही ६ वर लावा, मग एकाला ६ आणि दुसऱ्याला ४ वर. दोन्ही वेळा एकाच वेळी डेटा पाठवा आणि कॅप्चरमध्ये पुन्हा पाठवलेल्या फ्रेमचं प्रमाण बघा. एकाच चॅनेलवर असताना ते एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळी लावून बोलतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनेलवर एकाचं बोलणं दुसऱ्याला नुसता कलकलाट वाटतो.

फिरता फोन

एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जायचं कधी, हे फोन ठरवतो. नेटवर्क फार तर सुचवू शकतं. हे वाक्य परीक्षेत निरनिराळ्या रूपांत भेटतं. घरात ते पाहताना अडचण अशी, की दोन्ही ॲक्सेस पॉइंट जवळ असल्याने फोनला हलायचं कारणच पडत नाही. दोघांची ताकद अगदी किमान करा, मध्ये एक-दोन भिंती येऊ द्या, आणि फोन हातात घेऊन सावकाश चाला. तरीही तो पहिल्यालाच चिकटून राहिला तर पत्र्याचा डबा कामी येतो. फोन त्यात ठेवून झाकण थोडं थोडं लावत नेलं की सिग्नल हवा तसा पाडता येतो.

नियमाने दोघांना वेगळी चॅनेलं द्यायची असतात, आणि मग ऐकायला दोन ॲडॅप्टर लागतात. पण एकच ॲडॅप्टर असेल तर या प्रयोगापुरते दोघांनाही एकाच चॅनेलवर लावा. खऱ्या नेटवर्कमध्ये असं करणार नाही, पण सगळी हकिगत एका कॅप्चरमध्ये मिळते.

कॅप्चरमध्ये असोसिएशनऐवजी रीअसोसिएशनची विनंती शोधा. तिच्यात फोनने आपल्या जुन्या ॲक्सेस पॉइंटचा पत्ता लिहिलेला असतो. पोचपावत्या सोडल्या तर साध्या पासवर्डच्या नेटवर्कवर आठ फ्रेम मोजता येतील: दोन ऑथेंटिकेशनच्या, दोन रीअसोसिएशनच्या, चार हँडशेकच्या. मग ही बदली झटपट करणारं ८०२.११आर सुरू करा आणि परत चाला. हँडशेकचं काम पहिल्या चारांतच उरकलेलं असतं. जुन्या ॲक्सेस पॉइंटवरची शेवटची डेटा फ्रेम आणि नव्यावरची पहिली, यांतलं अंतर मिलिसेकंदांत मोजा. बोलता बोलता आवाज का तुटतो, ते त्या आकड्यात असतं.

८०२.१एक्स, आणि घड्याळाची गोष्ट

कार्यालयांतली सुरक्षा शिकायला रेडियस सर्व्हर, म्हणजे ओळख तपासणारा सर्व्हर, हवा. फ्रीरेडियस कोणत्याही लहानशा लिनक्स मशीनवर चालतो. पात्रं तीन: फोन, ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर. ॲक्सेस पॉइंट इथे फक्त निरोप्या असतो. फोनचं म्हणणं तो १८१२ पोर्टवरून सर्व्हरपर्यंत नेतो, आणि होकार येईपर्यंत दार उघडत नाही. हवेत आणि तारेवर एकाच वेळी कॅप्चर करा, म्हणजे एकच संभाषण दोन वेषांत दिसेल.

सर्टिफिकेटवर, म्हणजे डिजिटल ओळखपत्रावर, आधारलेलं ईएपी-टीएलएस आधी उभं करा. कठीण वाटतं, पण समज त्यातूनच येते. माझी लॅब एकदा दोन रात्री अडली होती. आदल्या दिवशी चाललेली जोडणी सकाळी नाकारली जात होती. किल्ल्या तपासल्या, नावं तपासली, सगळी सर्टिफिकेटं नव्याने बनवली. शेवटी सर्व्हरच्या नोंदींत ‘अजून वैध नाही’ हे शब्द दिसले. ज्या छोट्या मशीनवर सर्व्हर होता, त्यात वीज गेल्यावर वेळ राखणारं घड्याळच नव्हतं. इंटरनेट न जोडता ते सुरू केलं की तारीख मागे जायची, आणि सर्टिफिकेट त्याच्या दृष्टीने भविष्यात जन्मणारं ठरायचं. तेव्हापासून ८०२.१एक्स अडलं की मी सगळ्यात आधी तिन्ही ठिकाणची वेळ बघतो.

या सगळ्यासाठी उपकरणं जमेपर्यंत थांबायचं नसेल तर लिनक्समध्ये एक सोय आहे: कर्नलचं मॅक८०२११ एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल. ते लॅपटॉपमध्येच खोटे रेडिओ तयार करतं. एकावर ॲक्सेस पॉइंट, दुसऱ्यावर क्लायंट, तिसऱ्यावर कॅप्चर. डब्ल्यूपीए३ आणि ८०२.१एक्स एकही यंत्र न घेता शिकता येतं. अंतर, भिंत, गोंगाट मात्र त्यात नाही, म्हणून डेसिबलचा प्रयोग खऱ्या हवेतच करावा लागतो.

कंट्रोलरची घाई करू नका. एखाद्या कंपनीच्या परीक्षेकडे वळाल तेव्हा तिचा व्हर्च्युअल कंट्रोलर बघा, आणि आपला ॲक्सेस पॉइंट त्याच्या चालू आवृत्तीत बसतो का ते आधी तपासा. तिथे ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर यांच्या आपसातल्या बोलीचे, कॅपवॅपचे, ५२४६ आणि ५२४७ हे यूडीपी पोर्ट भेटतील, पहिला नियंत्रणासाठी आणि दुसरा डेटासाठी. ६ गिगाहर्ट्झ या नव्या पट्ट्याचंही तसंच, ॲडॅप्टर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही त्या पिढीचे झाल्याशिवाय ऐकायला काही मिळत नाही.

परीक्षेला दोन आठवडे उरले की सगळी उपकरणं कारखान्यातून आल्यासारखी कोरी करा. मग वही बंद ठेवून पुन्हा उभारा: स्विच, व्हीलॅन, दोन ॲक्सेस पॉइंट, रेडियस, सर्टिफिकेट. जिथे वही उघडावीच लागली त्या जागेवर खूण करा. उरलेले दिवस फक्त त्या खुणांवर घालवा. आणि घरातल्या कोणाला तरी, तुम्ही खोलीत नसताना, एक तार काढायला किंवा एक सेटिंग बदलायला सांगा. ‘नीट’ नावाची ती जुनी फाइल उघडा, नवं कॅप्चर शेजारी लावा, आणि पहिली वेगळी फ्रेम कोणती ते शोधा.